डॉक्टर मॅडम तासिका तत्त्वावर

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



जुलै उजाडला की आमच्या कर्जत-खालापूरकडे महाविद्यालयांत हजेरीच्या दोन वह्या सुरू होतात. एक कायम शिक्षकांची, दुसरी तासिकावाल्यांची. पहिली दरवर्षी बारीक होत चालली आहे, कारण निवृत्त झालेल्यांच्या जागी कोणी येत नाही. दुसरी फुगते आहे. या दुसऱ्या वहीतली विज्ञान शाखेची पाने मी मुद्दाम वाचते. नावाआधी ‘डॉ.’ असणे तिथे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि मी पाहिलेल्या पानांवर त्या ‘डॉ.’च्या पुढे बहुतेक वेळा बाईचे नाव असते. मुले त्यांना डॉक्टर मॅडम म्हणतात. पैसे मात्र त्यांना तासावर मिळतात.

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. शासन निर्णय आपल्याच खात्याचे आहेत. पण ते मंत्रालयातून दिसते तसे आमच्या खोपोलीतून दिसत नाही, म्हणून थोडे सांगते. दरवर्षी जाहिरात निघते आणि त्याच बाई त्याच जागेसाठी पुन्हा मुलाखत देतात. समितीतले निम्मे लोक त्यांच्यासोबत रोज डबा खाणारे असतात, तरी विचारतात, ‘तुमचा विषय काय?’ जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. गणपती, दिवाळी, परीक्षेचे दिवस, सगळे बिनपगारी. पावसाने रुळांवर पाणी आले, लोकल बंद पडल्या आणि महाविद्यालयाला सुटी जाहीर झाली, तर तोही दिवस बुडाला. बिल महिनाअखेरीस भरायचे; पैसे कधी येतील ते कारकुनालाही सांगता येत नाही. मुलांच्या हातून ब्युरेट फुटली की जबाबदारी मात्र पूर्णवेळाची.

यावर कोणी म्हणेल, हे पुरुषांनाही भोगावे लागतेच की. खरे आहे. 2017 साली राज्याने पदभरती थांबवली ती सगळ्यांसाठीच थांबवली, आणि नंतर जी परवानगी मिळाली ती टप्प्याटप्प्याने आणि तुटपुंजी होती. फरक पडतो तो पुढे. तासिकेवर आलेला मुलगा दोन-तीन सत्रे काढतो. मग घरचे विचारू लागतात, ‘असं किती दिवस?’ तासिकेवरच्या मुलाला कोणी मुलगी देत नाही. तो वापीला, अंकलेश्वरला, हैदराबादला कंपनीत जातो, नाहीतर जर्मनीत, कोरियात पोस्टडॉक मिळवतो. त्याच मार्गदर्शकाकडे, त्याच बाकावर शेजारी उभे राहून पीएचडी केलेली त्याची मैत्रीण मात्र तासिकेवरच राहते. तिला ‘किती दिवस’ असे कोणीच विचारत नाही. तिला म्हणतात, ‘बरं आहे की. घराजवळ आहे, दुपारी घरी येतेस.’

यात मुलाचेही नुकसान होते, हे मी नाकारत नाही. प्रयोगशाळेतून ज्याला रात्री हाकलून लावावे लागे असा एक विद्यार्थी आज औषध कंपनीत नोंदणीची कागदपत्रे तयार करतो. विज्ञान त्याचेही सुटले. पण त्याला भविष्यनिर्वाह निधी आहे, विमा आहे, दरवर्षीची वाढ आहे. तासिका त्याच्या वाटेवरचा थांबा होती. तिच्यासाठी ती शेवटचे स्थानक झाली.

मंत्रीमहोदय, मला म्हणायचे आहे ते इतकेच, आणि बाकीचे पत्र ही त्याची फोड आहे: तालुक्याच्या गावांतले बी.एस्सी.चे वर्ग आज चालू आहेत ते बऱ्याच अंशी या बायका स्वस्तात मिळतात म्हणून. घर त्यांना गावात धरून ठेवते आणि शासन त्याचा फायदा घेते. कोणी ठरवून हे करत असेल असे नाही. पण हिशेब असाच लागतो.

दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 साली देशात पीएचडीसाठी 2.12 लाख विद्यार्थ्यांची नोंद होती, त्यांत मुली सुमारे 99 हजार. आकडा सर्व विषयांचा आहे, तरी निम्म्याला भिडतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीत मात्र संशोधन आणि विकासाच्या प्रत्यक्ष कामात असलेल्यांपैकी स्त्रिया 2018 साली 16.6 टक्के होत्या. या दोन आकड्यांच्या मध्ये ज्या बायका आहेत त्यांच्याविषयी सगळ्यांकडे एक तयार उत्तर असते: लग्न झाले, मूल झाले, सोडले.

ते उत्तर तपासून झालेले आहे. बंगळुरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज या संस्थांनी 2010 साली एक अहवाल काढला. अनिता कुरुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर त्यात आपल्या पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले होत्या. विज्ञानात पीएचडी झालेल्या 568 स्त्रिया आणि 226 पुरुषांना त्यांनी प्रश्न विचारले. संशोधनाबाहेर पडलेल्या स्त्रियांनी घरच्या अडचणींपेक्षा नोकरीच नव्हती, हे कारण अधिक सांगितले. आणखी एक गोष्ट त्यात होती: संशोधनात टिकलेल्यांमध्ये कधीच लग्न न केलेल्यांचे प्रमाण पुरुषांत नगण्य आणि स्त्रियांत त्याच्या कितीतरी पट. म्हणजे त्याला प्रयोगशाळा आणि संसार दोन्ही मिळतात. तिच्यासारख्यांपैकी काहींनी एक सोडून दुसरे घेतले. गोडबोलेबाई ऑक्टोबर 2024 मध्ये गेल्या. भाषणे पुष्कळ झाली. अहवाल कोणी उघडून पाहिला असेल का, याची मला शंका आहे.

हे दुखणे जुनेच आहे. इरावती कर्वे 1930 साली बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आल्या. त्यांचे यजमान दिनकर कर्वे हेही जर्मनीतच रसायनशास्त्राचे डॉक्टर झालेले. दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत, पुढे तिथले प्राचार्य झाले. इरावतीबाई 1931 पासून काही वर्षे एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या आणि डेक्कन कॉलेजात संशोधनाच्या जागेवर बसल्या त्या 1939 साली. सासरे महर्षी कर्वे, नवरा बरोबरीने वागवणारा; यापेक्षा अनुकूल घर त्या काळी कोणाला मिळाले असेल? तरी मध्ये नऊ वर्षे गेली. घर कितीही चांगले असले तरी ते जागा निर्माण करू शकत नाही.

कमला सोहोनींची गोष्टही आपण अर्धीच सांगतो. 1933 साली मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या मुलीला सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश नाकारला, तिने हटून तो मिळवला, 1939 साली केंब्रिजची पीएचडी झाली. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. इथवर सगळ्यांना पाठ असते. मला त्यापुढचा भाग अधिक कामाचा वाटतो. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांचे काम चालू होते. 1947 साली लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या. यजमान विमागणितज्ञ, त्यांचे काम मुंबईत. म्हणजे केंब्रिजच्या डॉक्टरचा पत्तासुद्धा शेवटी नवऱ्याच्या नोकरीने ठरवला. पण पुढे काय झाले? मुंबईत सरकारच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला आणि तिथे त्यांना प्राध्यापकी मिळाली. नीरेवरचे, कडधान्यांवरचे त्यांचे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे संशोधन त्या जागेतून उभे राहिले. सून म्हणून ती ज्या गावी गेली, त्या गावी सरकारने एक जागा उघडलेली होती. मुंबईऐवजी त्या खोपोलीत आल्या असत्या तर?

खोपोलीचाच विचार करा. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठाने रसायनी-मोहोपाड्यापासून वरपर्यंत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने पसरलेले आहेत. रसायनशास्त्राच्या डॉक्टरला काम मिळायचे तर याहून जवळचे ठिकाण कोणते? आणि बायका तिथे आहेतही. बहुतेक क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, एचपीएलसी या पृथक्करण यंत्रापुढे जनरल शिफ्टमध्ये. काम चोख, पण वर जाण्याचा रस्ता तिथून जात नाही. तो जातो प्लांटमधून. फ्लास्कमधली अभिक्रिया पायलट प्लांटवर नेताना बॅच कधी कधी रात्रभर चालते. रिॲक्टरचे तापमान दोन अंशांनी चढले तर आधी थंड पाणी वाढवायचे की भर घालणे थांबवायचे, हे जो रात्री दोन वाजता तिथे उभा असतो तोच शिकतो. पाच वर्षांनी त्याला ‘प्लांटचा माणूस’ म्हणतात, आणि साइटचा प्रमुख निवडायची वेळ येते तेव्हा प्लांटचाच माणूस शोधतात.

बायकांना रात्री तिथे उभे राहायला कायद्यानेच मनाई होती. 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 66 नुसार संध्याकाळी सात ते सकाळी सहा ही वेळ त्यांच्यासाठी बंद. महाराष्ट्राने 2015 साली दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या आणि वाहतुकीच्या अटींवर ती उघडली. चांगले केले. पण माझ्या विद्यार्थिनी सांगतात की मुलाखतीत आजही पहिला प्रश्न असतो, ‘मॅडम, शिफ्टला जमेल का?’ आणि त्या ‘जमेल’ म्हणाल्या की समोरचा माणूस म्हणतो, ‘आमच्याकडे गाडीची सोय नाही हो.’ पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, असे 2017 पासून कायद्यात आहे. मुलाखतीत पाळणाघराबद्दल विचारणारी मुलगी मला अजून भेटायची आहे. विचारले तर नोकरी जाईल, हे तिला कळते.

कृषी विद्यापीठ आपल्या खात्यात येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी कर्जतच्या भात संशोधन केंद्राबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 1919 पासून ते इथे आहे. आमच्याकडचे शेतकरी कर्जत-3, कर्जत-7 ही नावे घरच्या माणसांसारखी घेतात आणि ‘सह्याद्री’ हा संकरित भातही इथलाच. नवा वाण कसा करतात ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. लोंबीतल्या एकेका फुलाचा शेंडा बारीक कात्रीने कापायचा, चिमट्याने आतले सहाच्या सहा परागकोश काढायचे, एकही राहता कामा नये, मग बटर पेपरची पिशवी चढवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाची फुले उमलली की त्यांचे पराग त्यावर झटकायचे. हे सगळे फुलोऱ्याच्या मोजक्या दिवसांत. राजनाला कालव्याच्या पाण्यावर इथे उन्हाळी भात होतो म्हणून वर्षात दोन हंगाम मिळतात. कोकणात इतरत्र बहुतेक ठिकाणी एकच. आणि वाण शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत असे कितीतरी हंगाम जातात.

आता समजा, अशा संशोधनातल्या बाईचे बाळंतपण फुलोऱ्याच्या महिन्यात आले. ती कायम जागेवर असेल तर सहा महिन्यांची रजा घेते, तिच्या पिशव्या सहकारी सांभाळतो, परत आल्यावर भाताची पिढी पुढे सरकलेली असते. ती प्रकल्पावर असेल, म्हणजे अमुक महिन्यांच्या करारावर संशोधन सहयोगी म्हणून, तर करार संपतो, हंगाम बुडतो, आणि पुढच्या अर्जात मध्ये एक रिकामे वर्ष दिसते. दोघींचे शरीर तेच, भात तोच. फरक जागेचा आहे. ‘मूल झाले म्हणून सोडले’ असे दुसरीबद्दल म्हणणाऱ्यांनी पहिलीकडे पाहावे.

आणि आपल्या खात्यातली विसंगती तर आणखी मजेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांपासून पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीला 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपनाची रजा आहे, प्रबंधासाठी दोन वर्षांची वाढीव मुदतही आहे. योग्यच आहे. पण ती पदवी घेऊन ती आमच्याकडे तासिकेवर आली की रजा शून्य. तासावर पैसे घेणाऱ्या बाईची बाळंतपणाची रजा म्हणजे न घेतलेले तास. एक तरुण बाई सातव्या महिन्यापर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत उभी राहून प्रॅक्टिकल घेत होती, लिफ्ट नव्हती. नंतर तिचे तास दुसरीला दिले गेले आणि पुढच्या जुलैत तिने नव्याने मुलाखत दिली. तिथेही तिला ‘मधला काळ’ कशाचा, असे विचारण्यात आले.

कोणी सुचवेल, मुंबईला जा. जातात की. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, जलद लोकलने दोन तास. खोपोलीहून निघायचे तर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी या शाखेवर गाड्या मोजक्याच. एक चुकली की मोठी खोटी होते. बायकांच्या डब्यात शोधनिबंध तपासणाऱ्या, मुलाच्या गृहपाठाचे फोटो फोनवर बघणाऱ्या डॉक्टर मॅडम मी पाहते. रात्री नऊला प्रयोग संपवून त्या लोकलने परतणे रोजच्या रोज कोणालाही झेपत नाही, पण पुरुष तिथे भाड्याने खोली घेतो आणि शनिवारी घरी येतो. तिने तसे केले की वाडीभर चर्चा. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग चौक, मोहापे, चिखले करत नवी मुंबईकडे जाणारा आहे. खारघर-मानखुर्दकडच्या संशोधन संस्था त्यामुळे हाताशी येतील. त्या मार्गावर पहाटेची आणि रात्री उशिराची गाडी ठेवा, अशी शिफारस आपल्या खात्याने रेल्वेकडे केली तर ती संशोधनासाठीची मदतच ठरेल.

परत येणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्राच्या योजना आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2002-03 पासून त्या चालवल्या, आज त्या वाइज-किरण या नावाने चालतात, आणि त्यातून काही जणींचे आयुष्य सावरले आहे. माझी तक्रार अशी की या योजना ‘खंड पडलेल्या’ बाईसाठी आहेत. आधी खंड पडू द्यायचा, मग तो भरून काढायला फेलोशिप द्यायची, तीही तीन वर्षांची, आणि ती संपली की पुन्हा तासिकेची वही. शिवाय अर्ज करायला एखाद्या संस्थेने तिला जागा देतो असे लिहून द्यावे लागते. तालुक्याच्या महाविद्यालयात संशोधन केंद्रच नसेल तर ते लिहून कोण देणार?

म्हणून मागणी करते. कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांतल्या विज्ञान विभागांत जे तास वर्षानुवर्षे तासिकेवर चालले आहेत, त्यांचा भार मोजून जागा मंजूर करा आणि भरा. जोवर भरत नाही तोवर पीएचडी असलेल्या शिक्षकाला, बाई असो वा पुरुष, वर्षभराची नेमणूक, महिन्याचे वेतन, प्रसूती रजा आणि तो काळ अनुभव म्हणून धरला जाईल असे लेखी द्या. इथल्या महाविद्यालयांना मुंबई विद्यापीठाकडून संशोधन केंद्राची मान्यता मिळवायला मदत करा. भात केंद्र आणि पाताळगंगेचे कारखाने यांच्याबरोबर त्यांचा करार करून द्या. चाचणीच्या यंत्रांचा वापर कारखान्यात, संशोधनाची नोंद महाविद्यालयात, आणि बाई रोज घरी, असे का होऊ नये?

आणि मोजा. अमेरिकेत पीएचडी झालेल्यांपैकी निवडलेल्या लोकांना 1973 पासून साधारण दर दोन वर्षांनी विचारतात: काय करता, कुठे करता, किती मिळते. वयाच्या 75 वर्षांपर्यंत विचारत राहतात. स्त्री आणि पुरुष कुठे वेगळे झाले ते त्यांना सांगता येते. आपल्याकडे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन भांडारात चढतो आणि कायम राहतो. ज्या बाईने तो लिहिला ती कुठे गेली याची नोंद तिचे विद्यापीठसुद्धा ठेवत नाही. पदवीदान समारंभात एक फॉर्म भरून घ्यायचा आणि पाचव्या, दहाव्या वर्षी एक फोन करायचा, एवढेच हे काम आहे.

राज्यभर करायला वेळ लागेल म्हणत असाल तर इथून सुरू करा. आपल्या खात्याचे कोकण विभागाचे सहसंचालक कार्यालय पनवेलला आहे, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या विज्ञान महाविद्यालयांकडून तीनच रकाने मागवा: तासिकेवरचे शिक्षक, त्यांतले पीएचडी किती, त्यांत स्त्रिया किती आणि त्या किती वर्षांपासून. शेवटच्या रकान्यात दोन प्रश्न बसवले आहेत, पण चालेल. नवीन मुलाखतींची जाहिरात निघण्यापूर्वी ही माहिती आपल्या टेबलावर यावी आणि वर्तमानपत्रांना द्यावी, अशी विनंती.

कळावे,

आपली,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका, खोपोली

प्रत माहितीसाठी:
1. कुलगुरू, मुंबई विद्यापीठ
2. कुलगुरू, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली
3. सहसंचालक, उच्च शिक्षण, कोकण विभाग, पनवेल
4. तासिकेच्या वहीतल्या सर्व डॉक्टर मॅडम